कमानीहून वडील

वाळपईत मे महिना लागला की ज्या घरी मुंबईचे पाहुणे उतरतात, त्या घरच्या कर्त्या पुरुषास त्यांना इतिहास दाखविण्याचे कर्तव्य चुकत नाही. आणि इतिहास म्हणजे जुने गोवे, असा निवाडा पाहुणे, गाडीवान व सरकारी पत्रके यांनी एकमुखाने पूर्वीच देऊन ठेवलेला असल्यामुळे त्यावर अपील चालत नाही. अशाच एका स्नेह्यांच्या लवाजम्यात आमचाही समावेश झाला. डबे, छत्र्या, ओकारीवरच्या गोळ्या आणि ऐंशी उलटलेले आजोबा असा सरंजाम गाडीत चढवून स्वारी होंडा, उसगाव, बाणस्तारी अशा मजला मारीत मांडवीकाठी दाखल झाली.

प्रथम व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाच्या पणतूने स्वतः व्हाइसरॉय झाल्यावर पणजोबांच्या स्मरणार्थ ती उभारली. तेव्हा सत्ता हाती येताच आपल्याच घराण्याची स्मारके बांधण्याची विद्या आमच्या लोकशाहीने शोधून काढली, असा ज्यांचा समज असेल, त्यांनी येथे अवश्य यावे. पाहुणे त्या पुरातन पाषाणांसमोर सद्गदित झाले. वास्तविक मूळ कमान ढासळल्यावर 1954 मध्ये ती नव्याने बांधून काढलेली असल्याने आजोबा तिच्याहून वयाने वडील; परंतु छायाचित्राच्या वेळी 'जरा बाजूला व्हा' असा हुकूम सुटला तो आजोबांना.

बॉ जेझूचे चर्च 1605 चे, हे खरे. त्याचा गिलावा मात्र पोर्तुगीज अमदानीच्या अखेरीस, इमारत अधिक प्राचीन दिसावी म्हणून, काढून टाकण्यात आला, आणि तेव्हापासून उघडा पडलेला जांभा दर पावसाळ्यात पाणी पितो आहे. हे ऐकून घरच्या मालकीणबाई म्हणाल्या, "आमच्या भिंतीचा गिलावा गळला, तेव्हा हेच पाहुणे नाक मुरडत होते."

संत ऑगस्टीनच्या चर्चच्या भग्न मनोऱ्याखाली वाटाड्याने कमालच केली. इराणच्या शहा अब्बासने 1624 मध्ये मारलेली जॉर्जियाची राणी केटेवान, तिच्या अस्थी येथवर आणणारे पाद्री, 2005 मध्ये सापडलेला अवशेष आणि 2021 मध्ये त्याचे जॉर्जियास झालेले हस्तांतरण, हा सर्व तपशील त्याने दप्तरातून वाचावा तसा सांगितला. त्यावर पाहुण्यांच्या धाकट्या चिरंजीवांनी विचारले, "वाळपईकडे कोणी लढलेच नाही का?"

लढले होते. 26 जानेवारी 1852 रोजी दीपाजी राण्यांनी वाळपईशेजारचा नानूझचा किल्ला घेऊन पोर्तुगीज सरकारास 1855 पर्यंत स्वस्थ झोपू दिले नाही. 1895 मध्ये मोझांबिकला जाण्याचे फर्मान धुडकावणारे मराठा शिपाईही नानूझलाच जमले. परंतु ज्या स्थळी वाटाड्या नाही, शहाळेवाला नाही आणि टोप्यांचे दुकान नाही, त्या स्थळास इतिहास घडविण्याचा अधिकार असला, तरी तो दाखविण्याचा परवाना कोण देणार?

यजमानांनी घड्याळ पाहिले. "नानूझ काय, घरापाशीच आहे. केव्हाही जाता येईल."

"माझे वडीलही हेच म्हणत," आजोबा म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.