आयटी घे, मार्क मिळतात

अकरावीला सायन्स घेतलेल्या मुलाला विषय निवडताना हा सल्ला सगळीकडून मिळतो. वर्गमित्र देतात, क्लासवाले देतात, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे कॉलेजच्या ऑफिसातूनही मिळतो. आपल्या राज्य मंडळात इंग्रजी सक्तीची आहे. दुसऱ्या भाषेच्या जागी मात्र माहिती तंत्रज्ञान घेता येते. त्याची परीक्षा संगणकावर, गुण भरघोस. २०२० साली आपण मराठी सक्तीचा कायदा केला, तो दहावीपाशी थांबतो. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. सल्ला तोच राहिला.

मुलांना दोष देऊ नका. सीईटीत मराठी हा विषय नाही, आणि घरचे सगळे गणित सीईटीवर मांडलेले. दोष आपला. सोळाव्या वर्षी लिहायला शिकणे म्हणजे गुणांची टक्केवारी घसरवणे, असे आपणच त्यांना पटवून दिले आहे.

हे पोर काय सोडते, ते एकदा पाहा. अकरावीच्या मराठी ‘युवकभारती’त मुद्रितशोधन आहे, अनुवाद आहे, सूत्रसंचालन आहे. बारावीत मुलाखत, अहवाल, माहितीपत्रक, वृत्तलेख. शिवाय अकरावीला नाटक आणि बारावीला कथा हे साहित्यप्रकार. पुस्तक करणाऱ्यांनी मनापासून काम केले आहे. उद्या इंजिनिअर झाल्यावर साइटवरचा अहवाल लिहिताना हाच मुलगा अडणार आहे, आणि तो लिहायला शिकवणारा विषय त्याने आपल्या सल्ल्याने टाकलेला असेल.

जे मराठी घेतात त्यांचे तरी काय होते? मुलाखतीचा धडा शिकून होतो. मुलाखत कोणीच घेत नाही. आई आशा कार्यकर्ती आहे, काका ऊसतोड टोळीचे मुकादम आहेत, शेजारी निवृत्त एसटी कंडक्टर आहेत. पण वहीत उतरते ती गाइडमधली ‘प्रसिद्ध लेखकाची मुलाखत’, शंभर वह्यांत शब्दश: तीच. ती तपासणारे सर तासिका तत्त्वावर, दोन कॉलेजांत धावणारे, पगार रखडलेला. त्यांनी शंभर मुलांची स्वत:ची वाक्ये वाचावीत, खोडावीत, परत लिहून घ्यावीत, अशी अपेक्षा ठेवायची आणि त्यांची कायमची जागा भरायची नाही! लेखन शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही, यंत्रे लागत नाहीत. लागतो एक वाचणारा मास्तर. नेमका तोच आपण काटकसरीत काढला.

मुंबई-पुण्यातल्या महागड्या आयबी शाळांत काय चालते? तिथे डिप्लोमा करणाऱ्या प्रत्येक मुलाला भाषा आणि साहित्य घ्यावेच लागते, मग त्याला पुढे डॉक्टर व्हायचे असो की आर्किटेक्ट. त्याखेरीज स्वत: निवडलेल्या विषयावर ४,००० शब्दांपर्यंतचा निबंध, त्याला मार्गदर्शन करायला एक शिक्षक. लाखो रुपये फी भरणाऱ्याच्या मुलाने विचार करून लिहावे आणि अनुदानित कॉलेजातल्याने अपेक्षित प्रश्नसंच पाठ करावा, ही वाटणी आपण निमूटपणे मान्य केली आहे. मला ती मान्य नाही.

म्हणून मागणी साधी आहे. सायन्स, कॉमर्स, आर्ट्स, शाखा कोणतीही असो, आयटी घेतले तरी घेता येईल असा लेखनाचा एक स्वतंत्र ऐच्छिक विषय अकरावी-बारावीला द्या. वर्गात तीसच मुले. लेखी पेपर नको. वर्षभरात लिहिलेल्या मजकुराला गुण, पहिल्या खर्ड्यालाही आणि सुधारलेल्यालाही. पहिला गृहपाठ घरातल्याच माणसाची मुलाखत असू द्या, त्याच्याच बोलीत, वऱ्हाडी असो की मालवणी. आणि शिकवायला पूर्णवेळ माणूस नेमा, येत्या जूनच्या आत.