आशाताई, एवढंही बघा जरा

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या १० लाखांहून अधिक आशांना ‘ग्लोबल हेल्थ लीडर्स अवॉर्ड’ जाहीर केला. लीडर्स, म्हणजे नेते. आपल्याकडे नेता म्हटला की मागे चार गाड्या, गळ्यात हार आणि उन्हात छत्री धरायला एक कार्यकर्ता. आशाच्या खांद्याला पिशवी, पिशवीत ओआरएसची पाकिटं, रजिस्टरं आणि रिचार्ज संपत आलेला मोबाइल. पुरस्कार जाहीर झाला, अभिनंदनाचे संदेश झाले, आणि महिनाअखेरीस नेत्यांच्या हातात मोबदला पडला. पगार नव्हे, मोबदला. २००५ साली आशा योजना आली तेव्हापासून सरकारच्या लेखी ती स्वयंसेविका आहे, आणि स्वयंसेविकेला पगार दिला तर तिच्या सेवाभावाचा अपमान होतो म्हणे. सरकार फार हळवं असतं अशा बाबतीत.

गरोदर बाई, लसीकरण, क्षयरोग, साथीचे ताप हे ती बघतच होती. मग विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्यांचे आकडे अधिवेशनात टोचू लागले आणि २०१५च्या सुमारास ‘प्रेरणा प्रकल्प’ आला. १४ जिल्ह्यांत घरोघरी जायचं, खचलेला माणूस हुडकायचा आणि त्याला समुपदेशनाला पाठवायचं. हुडकणार कोण? दुसरं आहे कोण गावात!

आता यातली कडू गंमत अशी की हे काम गावातलीच माणसं खरोखर करू शकतात. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला, गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेच्या पुढाकाराने. स्थानिक आरोग्य कार्यकर्ते आणि थोडं प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक, एवढंच भांडवल. नैराश्यानं ग्रासलेल्या शंभरांतले जेमतेम ४ जण आधी कुठे मदत मागायला जात होते. १८ महिन्यांनी ते २७ झाले. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त हे छापूनही आलं. देशात लाख माणसांमागे मानसोपचारतज्ज्ञ पाऊण, आणि तो पाऊणही शहरात बसलेला. आडगावातल्या माणसाने मजुरी बुडवून, दोन एसट्या बदलून नागपूरच्या मनोरुग्णालयाच्या फाटकाशी जायचं, तेही ‘वेडाच्या दवाखान्यात’ गेल्याचा बोभाटा सोसून, त्यापेक्षा शेजारची ताई बरी.

कारण ताईला केस पेपर लागत नाही. कुणाच्या घरी दुपारपर्यंत चूल पेटली नाही, कोण पारावर यायचा बंद झाला, सावकाराचा माणूस कुणाच्या दारात मोटरसायकल लावून बसला होता, हे तिला पाणी भरतानाच कळलेलं असतं. फवारणीचं औषध घरात ठेवू नका, कुलपात ठेवा, किल्ली वहिनींकडे द्या, हे ती चहा पिता पिता सांगून जाते. झिम्बाब्वेत हरारेच्या दवाखान्यांबाहेर बाकावर बसून आज्या हेच करतात. २००६ पासून करताहेत, आणि त्याची दखल जगाने घेतली. आपल्याकडच्या साहेबांना या कामाचा अभ्यास करायचा झाला तर ते आधी हरारेचं तिकीट काढतील. अमरावतीच्या त्या गावांत जायला सरकारी गाडीत डिझेल नसतं.

असो. ताईच्या हातातल्या फॉर्मकडे वळू. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आशाने भरायचा एक फॉर्म असतो. त्यात तंबाखू, कंबरेचा घेर, खोकला, गाठी, स्वयंपाकाचं इंधन असं सगळं विचारून झालं की शेवटाकडे मनाचे दोन प्रश्न येतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का? उदास, हताश वाटलं का? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, आणि बेरीज तीनच्या वर गेली की वरच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवा. केंद्राच्या दरपत्रकात या अख्ख्या फॉर्मचे १० रुपये लिहिलेत. त्यात कंबरही मोजायची आणि काळीजही. रात्री दार वाजवून ओट्यावर तासभर रडून गेलेल्या बाईचा दर मात्र पत्रकात सापडत नाही. तिने बहुधा दिवसा, फॉर्म घेऊन यायला हवं होतं.

“दोन आठवड्यांत उदास वाटलं का, भाऊ?”

“सोयाबीन चार हजारानं इकलं ताई. काय वाटंल?”

२०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये. या उत्तरासाठी फॉर्ममध्ये चौकट नाही. म्हणून काही मंडळी म्हणतात, समुपदेशन म्हणजे धूळफेक. भाव द्या, मन आपोआप ताळ्यावर येईल. ऐकायला झकास आहे. पण ज्याला महिनाभर झोप नाही त्याला भावाच्या आंदोलनापर्यंत तरी कुणीतरी पोहोचवायला हवं की नको? आणि सरकारचं उलटं. त्याला वाटतं मन सावरलं की भावाचं कोण विचारतंय! ताई बिचारी या दोघांच्या मधे उभी, हातात पेन.

मागे उरलेल्यांचा हिशेब आणखी चोख. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी तहसीलची माणसं येतात आणि समिती ठरवते, आत्महत्या पात्र की अपात्र. स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या तरी नावावर सातबारा हवा, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते थकलेलं हवं. पात्र ठरला तर एक लाख, त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. घरात कुणाच्याच नावावर गुंठाही नसताना मक्त्याने शेती करणारा, किंवा गावच्या बेकायदा सावकाराकडून कर्ज घेतलेला: अपात्र. मेल्यावरही कागद पुरे पडत नाहीत. त्या घरी नंतर कोण जातं, महिन्याने, दोन महिन्यांनी, विधवेला खाटेवरून उठवून पोरांना शाळेत धाडायला? त्याचाही जीआर नाही. ताई जाते.

या नेत्या २०२४च्या सुरुवातीला मुंबईच्या आझाद मैदानात उन्हात बसल्या होत्या. मागणी काय, तर तुम्हीच जाहीर केलेल्या वाढीचा जीआर काढा. सक्षमीकरणाची याहून सोपी व्याख्या मला तरी माहीत नाही, पण त्या काळात या विषयावरच्या कार्यशाळा बहुधा वातानुकूलित सभागृहांत सुरू असाव्यात.

दर १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन असतो. त्या दिवशी आशांनी रॅली काढायची, फलक धरायचे, १४४१६ हा टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लोकांकडून पाठ करून घ्यायचा. नंबर कामाचा आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, जरूर लावा. रेंज असेल तिथे उभं राहून लावा. रॅलीचे फोटो त्याच दिवशी ग्रुपवर टाकायचे. ज्या ताईने टाकले नाहीत तिला दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत विचारणा होते.

कुणीतरी एकदा त्याच फॉर्मवरचे शेवटचे दोन प्रश्न तिलाही विचारा. कामात रस वाटेनासा झाला का, ताई? बेरीज तीनच्या वर गेली तर नियम ठरलेला आहे, तिला वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवायचं. तोच, ज्याने काल फोटो मागितले होते.