बारसं बोरिवलीत, बर्फ फिनलंडचा

अहो, ऐकलंत का? जरा ग्रिलजवळ या, मोठ्याने बोलायची सोय नाही. चारशे दोनवाल्यांच्या नातीचं बारसं झालं ना परवा... तुम्ही नव्हतात. काय मिस केलंत!

सूनबाईंना नाव हवं होतं बर्फाचं. का, तर लग्नानंतर दोघं मनालीला गेली आणि पहिल्यांदा बर्फ पडताना पाहिला. बरं बाई, पाहिलात. पण मे महिन्यात, इथे बोरिवलीत, पाळण्याभोवती कापसाचा बर्फ? थर्माकोलला २०१८पासून बंदी, म्हणून गादीवाल्याकडून पोतंभर कापूस आणलेला. त्यात एसी बंद. आजोबांच्या घामेजल्या टकलाला कापूस चिकटला आणि फोटोग्राफर म्हणतो, "अंकल, हलू नका!"

तर काय सांगत होते... हां, नाव. मोबाईलवर ही लांबलचक लिस्ट. पहिलं ‘लुमी’. फिनलंडात बर्फाला लुमी म्हणतात म्हणे. सासूबाई म्हणाल्या, "लुंगी?" झालं! सुनेचं तोंड एवढंसं. मग वेल्सचं ‘ऐरा’. आजोबा गप्प बसतील तर ना! "शाळेत एखादी गैरा भेटली म्हणजे जोडी जमली." धाकट्या दिराने जपानी ‘युकी’ सुचवलं, तर सासूबाई, "अरे, तो टेनिसवाला युकी भांब्री बाप्या आहे ना?" तिकडे मुलगा-मुलगी दोघांनाही चालतं, पण ऐकतंय कोण.

आणि आपल्या आय. सी. कॉलनीतल्या आंटी, मूळच्या गोव्याच्या, राय गावच्या, त्यांना तर काय गंमत वाटली! म्हणाल्या, आमच्या गावचं चर्चच बर्फाच्या सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं. ५ ऑगस्टला फेस्त, नव्या भाताची कणसं आशीर्वादाला नेतात. धो धो पावसात बर्फाची सायबीण, बोला! रोममध्ये कधीकाळी भर ऑगस्टात बर्फ पडला, अशी त्यामागे कथा आहे. स्पेनमध्ये पोरींची नावंच ‘निएवेस’ असतात, हेही आंटींनीच सांगितलं. सूनबाईंनी लगेच टिपून घेतलं आणि सासूबाईंचा घुगऱ्या वाढणारा हात आंटींच्या प्लेटपाशी आखडला. मी पाहिलं ना!

पत्रिकेत पुनर्वसूचा चौथा चरण, म्हणजे अक्षर ‘ही’. सासूबाईंना हुरूप आला, "मग हेमा ठेवा की, बर्फच तो!" दोनशे एकच्या रिटायर्ड संस्कृतच्या बाई शेजारीच बसलेल्या. "हेम म्हणजे सोनं हो. बर्फ तो हिम." सगळ्यांसमोर! अक्षरही चुकलं, अर्थही चुकला. बाईंना मग चेवच चढला. हिमानी आहे, तुहिना आहे, पार्वती तर हिमालयाची लेक म्हणून हैमवतीच. तुमच्या मजल्यावरचा तुषार, तोही हिमच. तुषार बिचारा कोल्ड्रिंक वाटत होता, दचकलाच. "मला वाटायचं, कारंज्याचे असतात ते..."

मला विचाराल तर बाईंचं बरोबर होतं. आपली थंडी ती केवढी! सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ला पारा ७.४ डिग्रीवर आला, ते अजून रेकॉर्ड म्हणून सांगतात. अशा गावात बर्फ उसनाच आणायचा, तर हिमालय काय वाईट आहे?

पण खरी मजा पुढेच. पाळण्यावर चमचमती अक्षरं ‘लुमी’, आणि आत्याने कानात कुर्रर्र करून सांगितलं काय, तर ‘हिमानी’! सूनबाईंनी ऐकलं. ओठांवरचं हसू तसंच ठेवून नवऱ्याकडे असं काही बघितलं म्हणता... तो बर्फीचा बॉक्स घेऊन सटकलाच.

जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा अजून कोरीच आहे. वर्षभर वॉर्ड ऑफिसात फुकट नाव घालता येतं, लेट फी त्यानंतर. म्हणजे आपली वर्षाची करमणूक झाली! सासूबाई ‘हिमू’ म्हणतात, सूनबाई ‘लुमी’, आणि आजोबांनी सरळ ‘बर्फी’ सुरू केलंय. काल लिफ्टपाशी वॉचमनही म्हणाला, "बर्फी बेबी कैसी है?" सूनबाई अशा काही वळल्या की बिचाऱ्याने उभ्या उभ्या सलाम ठोकला.