कुकीबाईंना अनावृत पत्र

सौ. कुकीबाई, मुक्काम ब्राउझर, यांस
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, दुबईच्या मुहैस्नाह दोनमध्ये, म्हणजे आमच्या सोनापुरात, टायपिंगच्या दुकानात आपल्या कृपेने अद्वैत अवतरलं आहे.

त्याचं असं झालं. टायपिस्टने एका विंडोत पोर्टलवर रत्नागिरीच्या वेल्डरचं खातं उघडून अर्ज भरला. वेल्डर पासपोर्टची झेरॉक्स आणायला गेला, तेवढ्यात दुसऱ्या विंडोत त्याच पोर्टलवर सांगलीच्या सुताराचं लॉगिन झालं. वेल्डर परतल्यावर पहिल्या विंडोत 'सबमिट' दाबलं. वर नाव वेल्डरचंच झळकत होतं, अर्ज मात्र सुताराच्या खात्यात जमा! तू-मी हा भेद संतांनाही इतक्या झटपट मिटवता आला नसेल.

आपला दोष तो काय? एचटीटीपी जात्याच विसराळू, मागची विनंती कोणाची ते त्याला आठवत नाही. म्हणून 1994 साली नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी आपल्याला ब्राउझरच्या खिशात चिठ्ठी म्हणून ठेवलं. खिसा ब्राउझरचा, विंडोचा नव्हे. त्याच साइटची, त्याच नावाची नवी चिठ्ठी आली की जुनी गेली. नव्या धन्यापुढे जुन्याला ओळखही न दाखवण्याची ही तत्परता आमच्या पुढाऱ्यांनीही शिकावी.

'इन्कॉग्निटो उघड' असा सल्ला मिळाला. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं भागलं. तिसरा आला साताऱ्याचा प्लंबर, तेव्हा कळलं की क्रोममध्ये इन्कॉग्निटोच्या सगळ्या विंडोंना मिळून खिसा एकच. जगाने नावं ठेवलेल्या इंटरनेट एक्स्प्लोररच्या 2009 मधल्या आठव्या आवृत्तीत 'न्यू सेशन' अशी वेगळ्या खिशाची सोय होती, हे जाता जाता सांगून ठेवतो. क्रोमची वेगळी प्रोफाइलं आहेत, फायरफॉक्सचे कंटेनर आहेत. पण रांगेतल्या प्रत्येकासाठी ती कोण थाटत बसणार?

असो. लेकी बोले सुने लागे! पोर्टल बांधणाऱ्यांनो, जीमेल पत्त्यातच खात्याचा क्रमांक ठेवतं, तसं काही करा. नाहीतर पान कोणाच्या खात्यातून उघडलं त्याची खूण अर्जातच ठेवा आणि सबमिट होताना सर्व्हरवर ती चालू लॉगिनशी ताडून पाहा. जुळली नाही, तर अर्ज घेऊ नका. आणि टायपिस्टदादा, ते सुधारेपर्यंत एकाचं लॉगआउट झाल्याशिवाय दुसऱ्याचा पासवर्ड टाकू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सोनापूरकर