हरकतीचं मानधन

विकिपीडियावर कोणालाही काहीही बदलता येतं, असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. पानिपतावर किती माणसं पडली हा आकडा तुम्ही आत्ता, चहाचा घोट घेता घेता बदलू शकता. थोड्या वेळात कोणीतरी तो पूर्ववत करील, एवढंच. पण त्याच पानाचा डावीकडचा पट्टा बोटभर सरकवायचा म्हटला, की चाचण्या, सल्लामसलत, कौल आणि त्या कौलावर पुन्हा कौल. इतिहास तिथे कच्चा असतो, समास मात्र पक्का.

इंग्रजी विकिपीडियाने १८ जानेवारी २०२३ रोजी कात टाकली. नव्या कातडीचं नाव ‘व्हेक्टर २०२२’. मजकुराची रुंदी आवळली, दोन्ही बाजूंना पांढरी जागा सोडली, अनुक्रमणिका लेखातून उचलून डावीकडे उभी केली आणि भाषांची यादी एका बटणामागे बसवली. विकिपीडिया चालवणाऱ्या, सॅन फ्रान्सिस्कोच्या विकिमीडिया फाउंडेशनने यामागचं शास्त्रही सांगितलं: चाचण्यांत लोक ३० टक्के जास्त शोध घेऊ लागले आणि पान वर-खाली सरकवणं १५ टक्क्यांनी घटलं. मनुष्यजातीच्या तर्जनीला एवढी विश्रांती याआधी कोणी मिळवून दिली नव्हती. तर्जनीचे मालक मात्र संतापले. दोन बोटं पांढऱ्या जागेविरुद्ध त्यांनी इतका मजकूर लिहिला, की तोच त्या जागेत छापला असता तर प्रश्न मिटला असता.

हा वेश न विचारता आणला, असं कोणी म्हणू नये. आदल्या वर्षी रीतसर कौल घेतला होता. १६५ जण बाजूने, १५३ विरोधात, ९ तटस्थ. आता विकिपीडियात मतं मोजत नाहीत, मुद्दे तोलतात. म्हणून तिथले जुनेजाणते ‘मत’ या शब्दाआधी उद्गारचिन्ह टाकतात. संगणकाच्या भाषेत त्याचा अर्थ ‘नव्हे’. म्हणजे मतदार मत देतो आणि त्याच दमात हे मत नव्हे, असंही लिहून ठेवतो. आपल्याकडचे मतदार हे मनातल्या मनात करतात. तिथे त्याला चिन्ह मिळालं आहे.

मुद्दे तोलून निकाल लागला: अटी पाळल्या तर चालेल. मोठी अट अशी, की ज्याला पान रुंद हवं त्याला रुंद करण्याचं बटण द्यावं. बटण दिलं गेलं. खातं न उघडता नुसतं वाचायला येणारा माणूस ते दाबायचा, पान रुंद व्हायचं, तो खूश व्हायचा, पुढच्या पानावर जायचा आणि पान पुन्हा अरुंद. बटण होतं, त्याला स्मरणशक्ती नव्हती. ती पुढे यथावकाश आली. मधल्या काळात अट पाळली गेली होती की नव्हती, यावर दोन्ही बाजूंनी पानंच्या पानं भरली. अरुंद पानं असल्यामुळे ती जास्तच लांब झाली.

मग दुसरा कौल: जुन्या वेशाकडे परत जायचं का? या वेळी जास्त लोक म्हणाले, परत चला. निकाल आला, एकमत नाही. आणि एकमत नसेल तेव्हा जे आहे ते राहतं. आता जे आहे ते कोणतं? तेरा वर्षं होता तो जुना वेश, की काही आठवड्यांपूर्वी आलेला नवा? नवा. बाराच्या फरकाने घरात यावं आणि बहुमताने ‘जा’ म्हटलं तरी हलू नये, ही किमया आपल्याकडच्या भाडेकरूंना कोर्टात अर्धं आयुष्य घालवूनही नीट साधलेली नाही.

आता त्या जुन्या वेशाचीही वंशावळ पाहू. ज्याच्यासाठी २०२३ मध्ये गळे काढले गेले, तो मे २०१० मध्ये आला, तेव्हा तोच उपरा होता. त्याच्या आधीचा ‘मोनोबुक’ हा २००४ चा. खरं सौंदर्य ते, असं त्या वेळी ठरलं होतं. शोधाची चौकट मोनोबुकात डावीकडे होती. २०१० मध्ये ती उजव्या कोपऱ्यात गेली, तेव्हा लोक हरवले. २०२३ मध्ये ती पुन्हा डावीकडे, बोधचिन्हाच्या शेजारी आली, तेव्हाही लोक हरवले. एकूण, शोधाची चौकट शोधण्यात एक पिढी खपली. आक्रमणाचा वारसा व्हायला तेरा वर्षं पुरतात, एवढं यातून सिद्ध झालं. पुरातत्त्व खात्याने नोंद घ्यावी.

सगळे हरकतदार हट्टीच असतात असं मात्र नाही, आणि इथेच फाउंडेशनची पंचाईत होते. २०१० मध्येही भाषांची यादी मिटवून ठेवली होती. कारण आकड्यांचं: तिच्यावर टिचकी मारणारे फारच थोडे. स्वयंसेवक म्हणाले, अहो, ती यादी टिचकीसाठी नाही, दिसण्यासाठी आहे. इंग्रजी लेख वाचणाऱ्या पोराला कडेला ‘मराठी’ असं दिसतं, तेव्हा कुठे त्याला कळतं की आपल्या भाषेतही ज्ञानकोश आहे, २००३ पासून आहे. हा मुद्दा कोणत्याही मोजणीत सापडला नसता. यादी लवकरच पुन्हा उघडली. नव्या वेशात ती परत मिटली. मराठीला एकटीला झाकलं असतं, तर निदान एक मोर्चा निघाला असता. शेकडो भाषा एकदम झाकल्यामुळे कोणाचीच अस्मिता दुखावली नाही.

बोधचिन्हाची गोष्ट तर आपल्या घरचीच. निरनिराळ्या लिप्यांच्या तुकड्यांचा तो गोल २००३ पासून आहे आणि त्यात देवनागरी ‘वि’चाही तुकडा आहे. पण त्यातल्या वेलांटीची जागाच चुकली होती. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या चूकदुरुस्ती केंद्राच्या दारावरच शुद्धलेखनाची चूक, आणि नेमकं त्या दारावर ‘संपादन’ हे बटण नाही! २००७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यावर बातमी केली. वेलांटी जागेवर आली २०१० मध्ये. आपल्याकडच्या कुठल्याही पहिलीच्या बाईंनी लाल पेनाने हे काम मधल्या सुट्टीच्या आत केलं असतं, पण बाईंना कौल घेण्याची सवय नसते.

सल्लामसलतीचा सर्वांत प्रामाणिक प्रयोग झाला जर्मन विकिपीडियावर, २०१४ मध्ये. चित्र मोठं करून दाखवणारी नवी सोय तिथल्या लोकांना आपोआप चालू नको होती. त्यांनी कौल घेतला, कौलाप्रमाणे एका प्रचालकाने ती बंद केली. फाउंडेशनने मग नवं कुलूपच घडवलं, नाव ‘सुपरप्रोटेक्ट’. ज्या पानाला ते लागेल ते प्रचालकालाही बदलता येणार नाही. समाजाचं मत विचारलं, मत मिळालं, ते चुकीचं निघालं, कुलूप लावलं. इतका स्वच्छ व्यवहार क्वचितच पाहायला मिळतो. शेकडो सह्यांचं पत्र गेलं, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये कुलूप कायमचं निघालं. तेव्हापासून पद्धत सुधारली आहे. आता मत आधी विचारतात, खूप वेळा विचारतात, इतक्या वेळा की उत्तर देणाराच थकून ‘करा काय करायचं ते’ म्हणतो. त्याची नोंद ‘सकारात्मक प्रतिसाद’ अशी करता येते.

यावर कोणी हसू नये. हा कोश लिहिणाऱ्यांना पगार नाही, लेखावर नाव नाही, जाहिरातीच नसल्यामुळे त्यातला वाटाही नाही. मग त्यांना मिळतं काय? हरकत घेण्याचा हक्क. हेच त्यांचं मानधन. फाउंडेशनच्या नोकरदारांना बदल करण्याचा पगार मिळतो आणि लिहिणाऱ्यांना त्या बदलावर चिडण्याचा. बदल थांबले तर दोघेही बेकार होतील. म्हणून दर काही वर्षांनी पट्टा डावीकडून उजवीकडे गेलाच पाहिजे. ती रोजगार हमी योजना आहे. राहता राहिला वाचक. तो संख्येने सर्वांत मोठा, आणि त्याला कोणीच काही विचारलेलं नसतं. तो येतो, नटीचं वय पाहतो आणि जातो. पांढरी जागा त्याने पाहिलेलीसुद्धा नसते.

तरीही पुढच्या वेशाच्या वेळी कोणाची धावपळ होऊ नये, म्हणून हरकतीचा मसुदा तयार ठेवला आहे. रिकाम्या जागी वर्ष तेवढं घालावं.

“महोदय, मी गेली कित्येक वर्षं इथे विनामोबदला लिहीत आहे. नवा वेश मी एकदा पाहिला, तेवढा पुरे. डोळे दुखतात. ही मोबाइलची नक्कल आहे. आम्हाला कोणीही विचारलं नाही. विचारलं असेल, तर ते आम्ही वाचतो अशा ठिकाणी नव्हतं. तरी ........ सालचा वेश, ज्याला त्या वेळी मी स्वतः कडाडून विरोध केला होता, तोच मूळ समजून परत आणावा.”

उत्तराचा मसुदाही सोबत जोडला आहे, म्हणजे फाउंडेशनचाही वेळ वाचेल.

“आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. ते वाचून आमचा निर्णय अधिक पक्का झाला.”