अमेरिकेत जाऊन टेम्पो?

शुगरलँड, टेक्सास

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,


पत्रास कारण की, फोनवर आपलं बोलणं होत नाही. म्हणजे होतं, पण ट्रकचा विषय निघाला की आई विचारते, ‘रंग कोणता?’, बाबा विचारतात, ‘ॲव्हरेज किती?’, आणि मागून आत्याचा आवाज येतो, ‘अमेरिकेत जाऊन टेम्पो घेतला म्हणे!’ तेवढ्यात इकडे चिंगीच्या शाळेच्या बसचा हॉर्न वाजतो आणि सगळं अर्धवट राहतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. वाचून झालं की पत्र आत्याकडे द्या, म्हणजे बाकीच्यांना वेगळं कळवायला नको.

रंग रुपेरी. टपावरची चकाकी टेक्सासच्या उन्हाने खाल्लेली आहे, पण टप बघायला कोण चढतंय? ॲव्हरेज गॅलनला पंधरा मैल, म्हणजे लिटरला साडेसहा किलोमीटरसुद्धा नाही. बाबा, हसू नका. तुमच्या एसटीच्या लाल परीचे आकडे मला तोंडपाठ आहेत, आणि तिच्यात निदान पन्नास माणसं तरी बसायची.

गाडी 2006 ची टोयोटा टुंड्रा, 4.7 लिटरचं व्ही-8 इंजिन, पुढे-मागे दोन्हीकडे बसायची सोय आणि मागे चांगला ऐसपैस हौदा. काट्यावर 2,31,000. किलोमीटर नव्हे, मैल! म्हणजे पावणेचार लाख किलोमीटरला जेमतेम तीन-सव्वातीन हजार कमी. तुमच्या जावईबापूंनी लगेच हिशोब करून सांगितलं की चंद्र इथून सरासरी 3,84,400 किलोमीटरवर आहे, तेव्हा गाडी जवळपास पोचलेलीच आहे. हा आकडा घरच्या ग्रुपवर टाकल्यापासून मामाने ‘आता इंजिनकाम काढायची तयारी ठेवा’ एवढंच लिहून मौन धरलंय. त्याचा गैरसमज दूर करणं हा या पत्राचा दुसरा हेतू.

आधी ट्रक कशाला, ते. तुम्ही जावयांना विचारलंत तेव्हा त्यांनी परसातल्या भाजीची माती, मंडळाच्या गणपतीचं मखर आणि जुना सोफा अशी तीन कारणं दिली. तिन्ही खरी आहेत, पण गाडी घ्यायला लावली ती बेरीलने. 2024 च्या जुलैत हे वादळ ह्यूस्टनवर आलं आणि या भागातल्या वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. आमचीही गेली. इथल्या घरांच्या खिडक्या बाहेर बघण्यासाठी असतात, वाऱ्यासाठी नसतात. एसी बंद पडला की संपलं. एका मित्राने जनरेटर देऊ केला. तो आमच्या मोटारीच्या डिकीत आडवा घालून पाहिला, उभा घालून पाहिला, मागच्या सीटवर चिंगीच्या जागी बसवून पाहिला. शेवटी समोरच्या घरातला मुलगा त्याचा पिकअप घेऊन आला, फाळका पाडला, जनरेटर हौद्यात ठेवला, घरी आणून उतरवला आणि आमचे आभार पुरे व्हायच्या आत निघूनही गेला. त्या हौद्याकडे जावईबापू ज्या नजरेने बघत होते ना, त्या नजरेने त्यांनी आमच्या लग्नात माझ्याकडेसुद्धा पाहिलं नव्हतं.

नवा मोठा ट्रक घ्यायचा तर बोली चाळीस हजार डॉलरच्या आसपास सुरू होते. म्हणजे जुनाच बघायचा. बाबांनी विचारलं होतं, सांगलीत हायलक्स पिकअप दिसायला लागल्या आहेत, त्यापेक्षा तीच का नाही घेत? बाबा, हायलक्स इथे नवी विकतच नाहीत, आणि त्याच्या मुळाशी कोंबडी आहे. थट्टा करत नाही. साठच्या दशकात अमेरिकेची स्वस्त कोंबडी युरोपात इतकी जाऊ लागली की पश्चिम जर्मनी, फ्रान्स वगैरे मंडळींनी तिच्यावर जबर कर बसवला. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन चिडले. त्यांनी उलट युरोपातून येणाऱ्या ब्रँडीवर, बटाट्याच्या स्टार्चवर, डेक्स्ट्रिनवर आणि छोट्या ट्रकवर 25 टक्के कर लावला. तो 1964 पासून लागू झाला. ब्रँडीचं भांडण यथावकाश मिटलं. स्टार्चचंही मिटलं. ट्रकवरचा कर मात्र अजून तसाच आहे, आणि इथली माणसं त्याला कोंबडी करच म्हणतात. भांडण युरोपशी होतं, पण कर सगळ्यांनाच लागू, त्यामुळे जपानी कंपन्यांनाही ट्रक इथे आणून विकण्यापेक्षा इथेच बनवणं परवडू लागलं. आमची टुंड्रा अशीच इंडियानातल्या प्रिन्स्टन गावी जन्मली. सरकारने लावलेला कर भांडण संपल्यावरही जात नाही, हे बाबांना अमेरिकेतून मुद्दाम कळवायला हवं असं नाही, पण कोंबडीची गोष्ट त्यांना आवडेल म्हणून लिहिली.

मग बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले. पहिली गाडी काळी कुळकुळीत, छातीएवढी चाकं, आत निळे दिवे. मी काही न बोलता बॉनेटवर हात ठेवला. गरम! आम्ही येणार म्हणून मालकाने आधीच इंजिन चालू करून ठेवलेलं. थंड इंजिन पहिल्या सेल्फला काय बोलतं आणि मागे कोणता धूर सोडतं तेच तर ऐकायचं-बघायचं असतं. निळा धूर असेल तर ऑइल जळतंय, पांढरा थांबत नसेल तर पाणी आत शिरतंय. आम्ही नमस्कार करून निघालो. दुसऱ्या गाडीचं सगळं छान होतं. मग जावयांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला आणि नाकाला लावला. विकणाऱ्या बाईंना वाटलं, हा आमचा काही धार्मिक विधी असावा. पण 2017 च्या हार्वे वादळात इथे लाखो गाड्या पाण्यात गेल्या. त्यातल्या कित्येक धुऊन-पुसून पुन्हा विकायला निघाल्या. सीट बदलतात, गालिचे बदलतात, पण गुंडाळलेल्या सीटबेल्टच्या शेवटच्या वितीकडे कुणाचं लक्ष जात नाही. तिथे चिखलाची रेघ होती.

तिसरीकडे भेटले ते आजोबा. आयुष्यभर पाइपलाइन तपासायच्या नोकरीत ह्यूस्टन ते कॉर्पस क्रिस्टी फेऱ्या मारलेले, आता गुडघे गेले म्हणून उंच गाडीत चढवत नाही. बॉनेट थंडगार होतं. मी ऑइलचं झाकण उघडून आतून पाहिलं, दुधाळ साका नव्हता.  जावई चॅसीखाली सरपटत गेले, टॉर्चने पाहिलं, वरवरचा थोडा गंज, बाकी लोखंड ठणठणीत. इथे उत्तरेसारखं बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकत नाहीत. तिकडच्या गाड्यांची इंजिनं टिकतात आणि चॅसी कुजते. वर येताना जावयांच्या सदऱ्याला जे लागलं ते आई, अजून गेलेलं नाही.

मग आजोबांनी एक वही काढली. बाबा, ही वही तुम्ही बघायला हवी होती. लाल पुठ्ठा, कोपरे झिजलेले, प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले चार रकाने: तारीख, मैल, काय केलं, किती लागले. दर पाच हजार मैलांना ऑइल, एकही खाडा नाही. टायमिंग बेल्ट कंपनी 90,000 मैलांना बदलायला सांगते. यांनी 88,000 ला बदलला, पुन्हा 1,76,000 ला बदलला, आणि दोन्ही वेळा पाण्याचा पंपही सोबत, कारण तेवढं सगळं उघडलंच आहे तर पंपासाठी पुन्हा का उघडा? पुढचे बॉलजॉइंट बदललेले. प्रत्येक नोंदीमागे पावती टाचलेली. मी गाडीखाली वाकून पाहिलं तर ऑइल फिल्टरवरही काळ्या मार्करने तारीख आणि मैल लिहिलेले, वहीतल्या आकड्याशी तंतोतंत जुळणारे. मिरज डेपोत तुम्ही पांढऱ्या रंगाने बॅटऱ्यांवर तारखा घालायचात, तोच कडक हात.

मामाला एवढंच सांगा. 2010 पर्यंतच्या मॉडेलची गाडी विकताना काट्यावरचा आकडा लेखी देण्याची इथे आता कायद्याने सक्तीच नाही. म्हणजे ऐंशी हजार मैलांची म्हणून मिरवणारी जुनी गाडी खरंच तेवढी चाललीय का, ते देव जाणे. आमच्या गाडीच्या 2,31,000 मधला प्रत्येक मैल पावतीसकट आहे, आणि त्यातले बहुतेक हायवेचे. एका वेगात, गरम इंजिनावर, गिअरची फारशी अदलाबदल न करता पडलेले मैल. गावातल्या गावात शाळा-दुकान-शाळा केलेले पन्नास हजार त्यापेक्षा वाईट. डेपोत नवीन हेल्पर ‘ही बस किती चालली?’ म्हणायचा तेव्हा तुम्ही ‘शेवटचं ऑइल कधी, ते विचार’ म्हणायचात ना, मी त्या वाक्यावर गाडी घेतलीय. जावयांचा दाखला वेगळा आहे. लुईझियानातल्या एका गृहस्थाच्या 2007 च्या टुंड्राने दहा लाख मैल केले, मूळ इंजिन आणि मूळ गिअरबॉक्सवर. 2016 मध्ये कंपनीने ती गाडी उघडून अभ्यासायला परत घेतली आणि त्याला नवी कोरी दिली. जावई हे रोज एकदा तरी ऐकवतात. आमचे जवळजवळ पावणेआठ लाख मैल अजून शिल्लक आहेत म्हणे.

तर, आम्ही वही बघतोय तोवर आजोबा आमच्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी मला विचारलं, ऑइल कोणतं टाकणार? मी म्हटलं, झाकणावर लिहिलंय तेच, 5डब्ल्यू-30. आणि फिल्टर? कंपनीचाच. माझे वडील बस डेपोत फोरमन होते, असंही सांगितलं. आजोबांनी टोपी मागे सरकवली, 8,200 चा भाव होता तो आपणहून 7,800 वर आणला, आणि गॅरेजमधले दोन नवे फिल्टर वर दिले. बाबा, तुमच्या नोकरीचे चारशे डॉलर इथे वसूल झाले. जावयांनी घासाघीस करायची तयारी घरून आरशासमोर केली होती, ती फुकट गेली.

पैसे द्यायच्या आधी दीडशे डॉलर मोजून गाडी एका मेकॅनिकच्या रॅम्पवर चढवली. मागचे शॉक ॲब्सॉर्बर पाझरतात, ते बदलायचे. आणखी एक गोष्ट निघाली, ती खाली लिहिते.

कागदपत्रांचं काम फोर्ट बेंड काउंटीच्या कर कचेरीत. टायटल नावाचा एक कागद असतो, त्याच्या पाठीवर सही केली की मालकी बदलली. नंबरप्लेट विकणारा काढून घेऊ शकतो. कर सव्वासहा टक्के, आणि तुम्ही सांगितलेल्या किमतीवर सरकारचा विश्वास नाही. त्यांच्याकडे प्रत्येक गाडीची एक ठरलेली किंमत असते, तिच्या 80 टक्क्यांपेक्षा कमी दाखवलीत तरी कर त्या 80 टक्क्यांवरच. फ्लॅट घेताना दादाला रेडी रेकनरने जो हिसका दाखवला, तोच प्रकार. पण खरी मजा पुढे आहे. 1 जानेवारी 2025 पासून टेक्सासने घरगुती गाड्यांची सुरक्षा तपासणी रद्द केली. त्या तपासणीपोटी राज्य जे साडेसात डॉलर घ्यायचं, ते मात्र ‘तपासणीऐवजीची फी’ म्हणून घेतात! धुराची तपासणी आमच्या काउंटीत शिल्लक आहे. सायलेन्सरमध्ये नळी घालत नाहीत, डॅशबोर्डाखाली वायर जोडली की गाडीचा कॉम्प्युटर आपली प्रकृती स्वतःच सांगतो. पास झाली.

आई, पूजा केली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, नारळ मी फोडला. समोरचा मुलगा बघायला आला होता, त्याला खोबरं दिलं. चार लिंबं चिरडायला एवढी मोठी गाडी कशाला आणली, असं त्याने विचारलं नाही, पण चेहऱ्यावर होतं. आणि तुझा अंदाज खरा ठरला. ट्रक आल्यापासून आमचा मित्रपरिवार वाढला आहे. कुणाचा फ्रीज, कुणाची गादी, कुणाचा पियानो. मंडळाच्या अध्यक्षांनी तर या वर्षीच्या कार्यकारिणीत जावयांना ‘वाहतूक प्रमुख’ करून टाकलं, निवडणूक न घेता. त्यांनी नको म्हटलं नाही. मानाचं पद आहे, एवढंच म्हणाले आणि गाडी धुवायला गेले.

आता बाबा, मुख्य काम. सकाळी थंड इंजिन चालू केलं की उजव्या अंगाने टिक-टिक-टिक आवाज येतो. चार-पाच मिनिटांत इंजिन तापलं की बंद. मेकॅनिक म्हणतो टप्पेट नव्हे, एक्झॉस्ट मॅनिफोल्डला बारीक चीर आहे. लोखंड तापून फुगलं की ती मिटते. या इंजिनात हे सर्रास होतं म्हणे. आजोबांनाही माहीत होतं, वहीत शेवटच्या पानावर त्यांनी लिहून ठेवलंय, ‘टिकटिक. वाढत नाही.’ मॅनिफोल्ड बदलायला गेलं तर वीस वर्षांचे गंजके स्टड हेडमध्येच तुटायची भीती, आणि ते काढायचा खर्च मॅनिफोल्डपेक्षा जास्त. जावई म्हणतात बदलून टाकू. मी म्हणते, वाढत नाही तोवर हात लावू नये. सकाळच्या आवाजाचं रेकॉर्डिंग दादाच्या फोनवर पाठवते आहे. कानाला हेडफोन लावून, टीव्ही बंद करून ऐका, आणि काय करायचं ते सरळ जावयांनाच कळवा. माझं ते ऐकत नाहीत.

तुमची,
बेबी