घरात चालेल, अंगणात नको

पहिला पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या सकाळी मी वहिनीकडे होते. भिवपुरी रोड स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर तिचं दोन खोल्यांचं घर. रात्री ट्यूबलाइटभोवती वाळवीची पाखरं घुमली होती आणि सकाळी लादीभर त्यांचे पंख. हे पंख ज्यांनी झाडलेत त्यांनाच ते काम ठाऊक. झाडू फिरवला की ते पुढे पळतात, झाडू उचलला की मागे येतात, ओल्या तळपायाला चिकटून घरभर होतात. वहिनी सहाच्या आतली लोकल पकडून गेली होती. भाऊ रात्रपाळी करून झोपला होता. आणि परातीएवढं एक काळं यंत्र भिंतीच्या कडेने सरकत, दिवाणाखाली शिरत, एकेक पंख ओढून घेत होतं. अर्ध्या तासात लादी लख्ख.

तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकते. घरात केर काढणाऱ्या यंत्राला माझा होकार आहे. अंगणातली हिरवळ कापणाऱ्या यंत्राला, निदान आपल्या कर्जत-खालापुरात, ठाम नकार. दोन्ही एकाच दुकानात मिळतात, दोन्हींना रोबो म्हणतात, म्हणून दोन्हींना एकाच मापाने मोजू नका.

आधी घरातलं. वहिनीचा दिवस बघा. भिवपुरीहून सीएसएमटीला जायला दोन तास, यायला दोन तास, त्याच्या मधे नोकरी. घरी आल्यावर कुकर लावायचा, आणि तो होईस्तोवर झाडू हातात. झाडू आपल्याकडे अजून बाईच्याच हातात आहे, घर शिकलेलं असो की नसो. "असली यंत्रं आळशी लोकांसाठी" हे वाक्य मी आजवर फक्त पुरुषांच्या तोंडून ऐकलं. त्यांनी आठवडाभर दिवाणाखालचा केर वाकून काढावा आणि मग बोलावं. वहिनी मला म्हणाली, "ताई, घर आरशासारखं होतं असं नाही. पण आल्यावर अर्धा तास बसायला मिळतं." त्या अर्ध्या तासाची किंमत मला पुरेशी वाटते. आईचे गुडघे गेलेत, तिला वाकता येत नाही. तीही आता वरचं बटण दाबून ते सुरू करते.

घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. साधारण 15-20 हजारांपासून ही यंत्रं मिळतात, वर जाऊ तेवढं वर. बहुतेकांना दोन सेंटिमीटरपर्यंतची चढण जमते, त्यापुढचा उंबरठा नाही. जुन्या घरात प्रत्येक खोलीला उंबरठा असेल तर यंत्र हातानेच उचलून या खोलीतून त्या खोलीत ठेवावं लागेल. आपल्याकडे उंबरठ्याला, कधी अख्ख्या लादीलाच काळा कडप्पा असतो. यंत्राच्या पोटाखाली खड्डा ओळखणारे डोळे असतात. ते खाली प्रकाश टाकतात आणि तो परत आला की पुढे जमीन आहे असं समजतात. काळा दगड प्रकाश गिळतो, आणि काही यंत्रं भर खोलीत कड्यावर उभी राहिल्यासारखी थांबतात. घेण्याआधी दुकानदाराला आपल्या लादीवर चालवून दाखवायला लावा. चालवायच्या आधी पायपुसणी उचला, मोबाइलची वायर उचला, गजऱ्याचा दोरा उचला. ब्रशमध्ये लांब केस गुंडाळले जातात. दर आठवड्याला कात्री घेऊन ते कापावे लागतात, आणि हे काम रोबो करत नाही. जुलैत दारातून आत येणाऱ्या चिखलावर तर त्याला सोडूच नका. केर गिळणारं यंत्र चिखल खोलीभर सारवून ठेवतं. पुसायचं फडकंही त्याला असतं, पण ओट्याखालचा हळद-तेलाचा डाग त्याने निघत नाही, तिथे हात आणि घासणी. वीज गेली की चार्जिंगच्या जागेकडून येणारा इशारा बंद होतो, मग ते जागा शोधत फिरतं आणि बॅटरी संपली की कपाटाखाली निजतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे किती वेळा होईल ते तुम्हीच ठरवा.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने 2001 मध्ये असं पहिलं घरगुती यंत्र बाजारात आणलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या आयरोबोट कंपनीची रूम्बा आली आणि तिचं नाव जगभर झालं. ही कंपनी ॲमेझॉन विकत घेणार होतं, तो व्यवहार जानेवारी 2024 मध्ये मोडला. डिसेंबर 2025 मध्ये त्याच आयरोबोटने दिवाळखोरीचा अर्ज केला. एवढं मोठं नाव जिथे अडचणीत येतं, तिथे फक्त मोबाइलच्या ॲपवर चालणारं यंत्र का घ्यायचं? अंगावर बटण असलेलं घ्या. ब्रश, फिल्टर आणि बॅटरी सुटी मिळते का ते आधी विचारा. दुरुस्तीला ते लोकलमध्ये मांडीवर घेऊन कुठवर न्यावं लागेल, तेही विचारा. कॅमेरा असलेलं तर घेऊच नका. 2022 मध्ये अशाच, चाचणीसाठी दिलेल्या यंत्रांनी टिपलेले घरातले फोटो, त्यात संडासात बसलेल्या एका बाईचाही, समाजमाध्यमांवरच्या गटांत फिरल्याचं उघड झालं होतं. लेझरने वाट शोधणारी बिनकॅमेऱ्याची यंत्रं मिळतात. आपल्या झोपायच्या खोलीत फिरणाऱ्या वस्तूला डोळा कशाला हवा?

घरकाम करणाऱ्या बाईंबद्दलही बोललं पाहिजे. यंत्र आणलं म्हणून तिचे पैसे कापणारी घरं मी पाहिली आहेत. ती केर काढत होती तशी भांडी घासत होती, कपडे वाळत घालत होती, म्हाताऱ्या माणसाला चहा देत होती. यंत्राने त्यातलं एकच काम, तेही अर्धं, उचललं. महाराष्ट्राने घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये केला. तिची नोंदणी झाली आहे का हे आपल्यातल्या कितींनी तिला विचारलं? साठ हजारांचं यंत्र आणणाऱ्या हाताला महिन्याचे दोनशे वाढवताना जड वाटत असेल, तर त्या घराला यंत्राची नाही, हिशेब नीट शिकायची गरज आहे.

आता अंगण.

भिवपुरीच्या माणसाला यंत्राचं वावडं असू शकत नाही. घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी सुमारे 500 मीटर खाली उतरवून वीज करणारं टाटांचं केंद्र इथे 1922 पासून आहे. वीज करून झाल्यावर ते पाणी पेज नदीत येतं, राजनाला कालव्यात येतं आणि आपल्याकडे उन्हाळ्यातही भात उभा राहतो. याला मी यंत्र म्हणते. पाणी एकदा वापरलं, वाया घालवलं नाही, खालच्या माणसाच्या शेतात पोचवलं.

आणि आता फार्महाऊसमधली हिरवळ बघा. गवत कापायच्या यंत्राचा जन्म इंग्लंडमधला, 1830 चा. एडविन बडिंग नावाच्या माणसाने कापडगिरणीत कापडावरची लव कातरणारं यंत्र पाहिलं आणि तीच युक्ती गवताला लावली. तिथे बारा महिने थोडा थोडा पाऊस, गवत हळूहळू वाढतं, त्याला लवेसारखं कातरता येतं. आपल्याकडे 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि मग आठ महिने आभाळ कोरडं. ही माती भाताची. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने काढलेल्या भाताच्या जातींची नावंच कर्जत-3, कर्जत-7 अशी आहेत. त्या मातीवर बाहेरून आणलेली हिरवळ अंथरायची आणि ती जगवायला जानेवारीपासून बोअरचं पाणी फवारायचं. मार्च-एप्रिलमध्ये डोंगरावरच्या वाडीतली बाई डोक्यावर हंडा घेऊन उतरत असते, तेव्हा खाली फवारे चालू असतात. मला हे बघवत नाही.

त्यात आता रोबो. माझ्या घराशेजारच्या बंगल्यात एक आला, लाखाच्या पुढचा. याच्या पोटात दाढीच्या पात्यांएवढी छोटी पाती असतात. गवत रोज थोडं थोडं, काही मिलिमीटरच कापायचं आणि कातरण तिथेच पडू द्यायचं, अशी त्याची रीत. रीत चांगली आहे, पण तिला रोज कोरडा दिवस लागतो. जुलैत सलग चार दिवस पाऊस लागला. पाऊस ओळखून यंत्र आपल्या टपरीत बसून राहिलं. पाचव्या दिवशी उघडीप झाली तेव्हा गवत घोट्याच्या वर गेलेलं. यंत्र निघालं, दहा हात गेलं, चाकं रुतली. माळीदादांनी ते उचलून पायरीवर ठेवलं, चाकांतला चिखल काडीने काढला आणि खांद्याला ग्रास कटर अडकवून सगळं एका सकाळी कापून टाकलं. पुढच्या आठवड्यात तेच. उपग्रहावरून दिशा घेणाऱ्या यंत्राला मोकळं आभाळ लागतं. इथे वर आंबा, बाजूला फणस, मागे डोंगर. जमिनीत तार पुरून हद्द आखावी, तर ती तार माळीदादांच्या कुदळीखाली तुटायची.

रात्री चालवायचं म्हणाल तर मुळीच नको. युरोपात साळूसारख्या काटेरी हेजहॉगना या यंत्रांनी जखमा होतात म्हणून जर्मनीतल्या कोलोन शहराने 2024 मध्ये ती रात्री चालवायला बंदी केली. आपल्याकडे पहिल्या पावसात रात्रीच बेडूक आणि मुठे बाहेर पडतात. काजव्याची अळी त्याच ओल्या मातीत गोगलगाई खाऊन मोठी होते. मे संपताना काजवे बघायला मुंबईची माणसं गाड्या घेऊन राजमाचीला जातात, आणि स्वतःच्या अंगणातला काजवा मात्र पात्याखाली घालतात.

आणि गवताबरोबर जे जातं त्याचं काय? पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत आपल्या अंगणात टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या उगवतात. स्टेशनबाहेर ठाकर बायका शेवळांच्या जुड्या आणि काकडं घेऊन बसतात, तेव्हा आपण घासाघीस करून ती घेतो. घरच्या जमिनीवर आपोआप येणारी भाजी रोज काही मिलिमीटर कापायला लाख रुपये द्यायचे, हे मला पटत नाही. मुलांना खेळायला जागा हवी तर दारासमोर हात-दोन हात जमीन चोपून घ्या, सारवा, फरशी बसवा. बाकीचं वाढू द्या. पायवाटेपुरतं विळ्याने कापा, म्हणजे साप दिसेल.

शेजारच्या बंगल्यातला रोबो ऑगस्टपासून पडवीत गोणपाटाखाली आहे. यंदा माळीदादांनी मालकांना विचारून मागची पट्टी तशीच राखली. परवा त्यांच्या बायकोने कुंपणावरून कोवळ्या टाकळ्याची ओंजळभर पानं माझ्या ओच्यात टाकली आणि म्हणाली, "कांदा जास्त घाला ताई, आणि पाणी अजिबात नको."